चापाला दिलेले पाणी

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी माझा भाचा आपली एअर रायफल कॅनव्हासच्या पिशवीत घालून घरी आला आणि चहाला उकळी फुटायच्या आत त्याने निकालही सांगून टाकला. "मावशी, हिचा ट्रिगर म्हणजे नुसता दगड आहे बघ. घासत बसण्यापेक्षा अख्खा बदलूनच टाकूया की." त्याच्या मोबाइलवर एका तयार ट्रिगर-संचाचे चित्र होते. दोन पिना ठोकून जुना संच बाहेर काढायचा, नवा त्याच जागी बसवायचा आणि काम संपले, असे त्याचे म्हणणे होते. किंमत रायफलीच्या जवळजवळ निम्मी होती. मी त्याला नाही म्हटले नाही. "दगड म्हणजे किती? वजन केलंस का?" एवढेच विचारले. त्याने ते केलेले नव्हते, आणि त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचा पावसाळा गेला.

मी स्वतः पंधरा वर्षे एअर रायफल चालवली आणि आता आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलामुलींना शिकवते. कोल्हापुरात नेमबाजीला आता कुणी श्रीमंतांचा छंद म्हणत नाही. तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले, राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले, त्यानंतर तर घराघरांतून मुले दुधाळीच्या रेंजची वाट विचारू लागली. त्यांतली बरीचशी मुले साध्या स्प्रिंगच्या देशी रायफलीपासून सुरुवात करतात, आणि काही आठवड्यांतच त्यांची पहिली तक्रार येते ती ट्रिगरची. कुणी तरी त्यांना सांगते की कारखान्यातून आलेला ट्रिगर काही कामाचा नसतो, तो बदलावाच लागतो. हे वाक्य मला फार खटकते. ते नेहमीच खोटे असते असे नाही, पण ज्याने ट्रिगर कधी उघडून पाहिलेला नाही त्याच्या तोंडी ते फार सहज येते.

ट्रिगरला मराठीत चाप म्हणतात. बोटाखाली जी वाकडी पट्टी लागते तिलाच आपण ट्रिगर समजतो, पण खरे काम तिच्या वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी चालते. स्प्रिंगच्या रायफलीत नळी सांध्यावर खाली दुमडून दट्ट्या मागे ढकलला की त्याच्या दांड्यावरची खाच एका पोलादी ओठावर अडकते. या ओठाला सिअर म्हणतात. दाबलेल्या स्प्रिंगचा चाळीस-पन्नास किलोंचा रेटा त्या एका ओठावर तोललेला असतो, आणि ओठाचा प्रत्यक्ष धरणारा भाग नखाच्या जाडीपेक्षा फारसा मोठा नसतो. बोट चाप ओढते तेव्हा ते या दोन पोलादी पृष्ठांना एकमेकांवरून सरकवत असते. पृष्ठे गुळगुळीत असतील तर बोटाला सरकणे जाणवत नाही, आणि खडबडीत असतील तर चाप अडखळत, खरखरत पुढे येतो. या खरखरत येण्याला रेंजवरची मुले क्रीप म्हणतात. सिअर सुटल्यानंतरही चाप मागे धावत राहिला तर ते ओव्हरट्रॅव्हल. चाप सुटेपर्यंत बोटाला जो जोर लावावा लागतो ते चापाचे वजन, ही तिसरी. या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि तिघींचे उपायही वेगळे आहेत, पण नवखा नेमबाज तिन्हींना मिळून 'कडक' हा एकच शब्द वापरतो.

कडकपणाचा नेमावर परिणाम किती होतो, याचा हिशेब मी मुलांना पहिल्याच आठवड्यात करून दाखवते. दहा मीटरच्या एअर रायफल लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्यानंतरचे प्रत्येक वर्तुळ केंद्रापासून अडीच मिलिमीटरने दूर जाते. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण 80 सेंटिमीटर अंतर धरले, तर पुढची साइट फक्त 0.2 मिलिमीटर इकडेतिकडे झाली की दहा मीटरवर छर्रा अडीच मिलिमीटर सरकतो, म्हणजे पुरे एक वर्तुळ जाते. वहीचा कागद दोन पदरी दुमडला तर साधारण एवढीच जाडी भरते. आता रायफलीचे वजन तीन किलो आणि चापाचे वजन अडीच किलो असेल, तर बोट जवळजवळ रायफलीच्या वजनाइतक्या जोराने तिला मागे आणि बहुधा थोडेसे कडेला खेचत असते. त्या खेचण्यात दोन पदरी कागदाइतकी हालचाल होणार नाही, अशी अपेक्षा कोवळ्या मनगटाकडून करणे योग्य नाही. म्हणून भाच्याची तक्रार मला पूर्णपणे मान्य होती. फक्त ती तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, हे त्याने स्वतः शोधावे असे मला वाटत होते.

आम्ही रायफल घेऊन शिवाजी उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. ऑइल इंजिनांचे सुटे भाग बनवण्यात त्यांची हयात गेली. मशीन आता चुलतभाऊ चालवतो, पण बेंच वाइसजवळचे स्टूल अजून काकांचेच आहे. वाइसच्या जबड्यांना लाकडी फळ्या लावून रायफल आडवी धरली, समोर भिंतीशी जाड पत्र्याची छर्रे झेलणारी पेटी ठेवली, चापाला दोरा बांधला आणि तो सरळ मागे नेऊन जुन्या बेअरिंगच्या गरारीवरून खाली सोडला. दोऱ्याच्या टोकाला दोन लिटरची पाण्याची रिकामी बाटली आणि किराणा दुकानातले अर्ध्या किलोचे वजन. स्प्रिंगची रायफल छर्ऱ्याशिवाय कधीही सोडू नये, कारण समोर हवेचा अडसर नसला की दट्ट्या नळकांड्याच्या तोंडावर जाऊन आदळतो आणि स्वतःचीच नासाडी करून घेतो. म्हणून दर वेळी छर्रा भरून, पेटीकडे तोंड करूनच मोजणी केली. भाचा मापाच्या भांड्याने बाटलीत पाणी ओतत गेला. पाच वेळा मोजले. सर्वांत कमी भरले 2250 ग्रॅम आणि सर्वांत जास्त 2600. सरासरी 2400 च्या आसपास आली.

भाचा म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं का, दगड आहे." काकांचे लक्ष सरासरीकडे नव्हतेच. त्यांनी विचारले, "एकाच चापाची पाच मापं पाच येत्यात, ती का?" मला हा प्रश्न त्या संपूर्ण दिवसातला सर्वांत मोलाचा वाटला. चाप नुसता जड असता तर पाचही वेळा जवळपास सारखाच जड भरला असता. साडेतीनशे ग्रॅमचा फरक पडतो याचा अर्थ आत काही तरी घासते आहे, अडते आहे, कधी सुटते आणि कधी सुटत नाही. ज्या चापाचे वजन दर वेळी बदलते त्याच्यावर बोट विश्वास ठेवायला शिकत नाही. जड पण एकसारख्या चापावर मी मुलांना चांगले गुण मिळवताना पाहिले आहे. हलक्या पण लहरी चापावर तसे पाहिल्याचे मला आठवत नाही.

दोन्ही पिना काढून संच उघडला तेव्हा कारण समोर होते. कारखान्यात गंज लागू नये म्हणून भरलेले ग्रीस वाळून मेणासारखे झाले होते आणि त्यात धुळीचे कण रुतले होते. चापाची पट्टी आत एका बाजूला कलून पत्र्याच्या बाजूभिंतीवर घासत होती, आणि जिथे घासत होती तिथे सुईने ओढल्यासारखी चकचकीत रेघ उमटली होती. पत्रा प्रेसवर कापला जातो तेव्हा कडेला जी बारीक कुसळे राहतात, तीही तशीच होती. सिअरचे पृष्ठ मात्र काकांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हे बरं आहे. याला हात लावायचा न्हाई."

त्यांचे ते वाक्य मी 1994 पासून ऐकत आले आहे.

त्या वर्षी मी सतरा वर्षांची होते. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, घेऊन दिलेल्या जुन्या रायफलीचा चाप असाच खरखरत होता, आणि कुणाकडून तरी ऐकले होते की सिअर घासला की चाप लोण्यासारखा होतो. काकांच्या पेटीतला ऑइल स्टोन मी न विचारता आणला आणि परसात बसून, हातानेच, कोन धरायचे कोणतेही साधन न घेता, सिअरचे पृष्ठ घासत राहिले. दर दहा-वीस हातांनी जुळणी करून पाहायची, आणि दर वेळी तो आधीपेक्षा मऊ लागायचा. तो आनंद मला आजही आठवतो. त्यानंतरचे दोन महिने माझ्या वर्गात माझ्याइतका सुंदर चाप कुणाचाच नव्हता. मग तो हळूहळू पुन्हा खरखरू लागला, आणि मी पुन्हा घासला.

चैत्रातली एक संध्याकाळ होती. मी रायफल ताणून छर्रा भरला आणि पाटावर गुडघा टेकता टेकता दस्ता दगडी पायरीवर थोडा जोरात ठेवला. बोट चापाच्या आसपासही नव्हते. रायफल सुटली. छर्रा पेटीत न जाता परसाच्या जांभ्या दगडाच्या भिंतीत गेला, आणि त्या जागेपासून चार हातांवर आई सांडग्यांचे वाळवण आवरत होती. तिला काही झाले नाही. भिंतीतून उडालेली लाल भुकटी सांडग्यांवर बसली, तेवढेच. आण्णा काहीही बोलले नाहीत. त्यांनी रायफल माझ्या हातातून घेतली, कापडात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांकडे नेऊन ठेवली.

काकांनी मला बोलावून घेतले आणि सिअर बाहेर काढून माझ्या हातात एक बारीक कानस दिली. "फिरव हिच्यावर." कानस सिअरला चावली, अगदी सहज, आणि बारीक चुरा बोटांवर पडला. मग त्यांनी त्याच भागाच्या न घासलेल्या कडेवर कानस फिरवायला सांगितली. तिथे ती काचेवरून घसरावी तशी घसरली, एक कणही निघाला नाही. काका म्हणाले, "हिला वरनं पाणी दिलेलं असतंय. कातडीएवढंच. तू कातडी काढलीस. आता आत नुसतं मऊ लोखंड आहे." पोलादाला पाणी देणे म्हणजे ते तापवून, विझवून कडक करणे, हे मला शब्द म्हणून ठाऊक होते. पण साध्या लोखंडाच्या भागाला केस हार्डनिंग करतात तेव्हा कडकपणा फक्त वरच्या काही दशांश मिलिमीटरात उतरतो आणि आतला गाभा मऊच राहतो, हे त्या दिवशी कानशीने मला शिकवले. कातडी गेल्यावर स्प्रिंगच्या रेट्याखाली ओठ दर फटक्याला थोडा थोडा झिजत गेला. त्यातच मी हाताने घासल्यामुळे त्याचा कोन बदलला होता. सिअरचा कोन असा ठेवलेला असतो की स्प्रिंगचा रेटा त्याला आणखी घट्ट बसवतो, आणि चाप ओढताना दट्ट्या केसभर मागे रेटावा लागतो. तो केसभर रेटा बोटाला जड वाटतो, म्हणून तो घालवावा असे नवख्याला वाटते. पण तोच सुरक्षितपणा असतो. माझ्या घासण्याने कोन उलटा झाला होता, आणि स्प्रिंग सिअरला धरून ठेवण्याऐवजी बाहेर ढकलत होती. दस्त्याला बसलेला एक धक्का पुरेसा होता.

काकांनी ओएचएनएस पोलादाच्या तुकड्यातून दोन संध्याकाळी खपून नवा सिअर बनवला. हे पोलाद टूलरूममध्ये पंच आणि डाय यांच्यासाठी वापरतात. ते तेलात विझवल्यावर संपूर्ण आतपर्यंत कडक होते आणि विझवताना फारसे वाकत नाही. त्यांनी कोन मूळ भागाच्या न घासलेल्या कडेवरून घेतला, तुकडा लालभडक तापवून तेलात सोडला, मग कडकपणामुळे तो तडकू नये म्हणून पुन्हा मंद आचेवर गवती पिवळा रंग येईपर्यंत तापवला, आणि शेवटी कोन धरणाऱ्या ठोकळ्यात बसवून दगडावर फक्त आरसा आणला. काम चालू असताना ते मला एकच गोष्ट सांगत राहिले: "कमी करता येतंय पोरी, वाढवता येत न्हाई." रायफल मला दिवाळीनंतर परत मिळाली. नवा चाप माझ्या घासलेल्या चापाइतका मऊ नव्हता. तो दर वेळी सारखा होता, आणि पुढची नऊ वर्षे तसाच राहिला.

हे सगळे भाच्याला मी त्या दिवशी वर्कशॉपमध्ये सांगितले, कारण सुधारायचे म्हणजे काय करायचे आणि काय करायचे नाही याची रेघ तिथेच पडते. आम्ही सिअरला हात लावला नाही. वाळलेले ग्रीस रॉकेलने धुतले. बाजूच्या पत्र्याची कुसळे बारीक एमरी कागदाने काढली. चापाची पट्टी कलू नये म्हणून पिनेच्या दोन्ही बाजूंना पातळ पितळी शिम, म्हणजे चकत्या, घातल्या, आणि ती बाजूभिंतीला न शिवता मधोमध हलू लागली. सिअरच्या पृष्ठावर मॉलिब्डेनमचे ग्रीस काडीच्या टोकावर मावेल एवढेच लावले. मागच्या स्क्रूने चापाच्या परतीच्या स्प्रिंगचा ताण थोडा कमी केला आणि स्क्रू हलू नये म्हणून त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडला. स्क्रू किती फिरवावा याचीही मर्यादा असते, आणि ती काकांनी बोटानेच ठरवली. चाप दोन टप्प्यांत ओढला जातो: पहिल्यात तो हलकेच मागे येऊन टेकतो, दुसऱ्यात सिअर सुटतो. पहिला टप्पा ओढून बोट सोडले की चाप प्रत्येक वेळी चटकन पूर्ण जागेवर परत यायला हवा. तो आळसावला की ताण फार कमी झाला.

पुन्हा पाच मापे घेतली. सर्वांत कमी 1620, सर्वांत जास्त 1680. भाच्याने आकडे दोनदा लिहिले. वजन सुमारे साडेसातशे ग्रॅमने उतरले याचे त्याला आश्चर्य वाटले. मला समाधान वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. फरक साडेतीनशेवरून साठ ग्रॅमवर आला होता. खर्च म्हणाल तर पितळी पत्र्याचा एक तुकडा आणि एक दुपार.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे मी साध्या एअर रायफलीबद्दल लिहिते आहे. काडतुसाच्या बंदुकीला, .22 या लहान काडतुसाच्या रायफलीलाही, उद्यमनगरातला कितीही कुशल फिटर हात लावू शकत नाही, आणि त्याने लावूही नये. शस्त्र कायदा, 1959 नुसार अशा शस्त्राच्या दुरुस्तीसाठीही वेगळा परवाना लागतो. 50 मीटरची मुले आपल्या रायफली परवानाधारक आरमररकडेच, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याकडेच, देतात. माझ्या 1994 च्या चुकीत एक छर्रा भिंतीत गेला. तीच चूक .22 मध्ये झाली असती, तर मी हे असे शांतपणे लिहू शकले नसते.

मग ट्रिगर बदलण्याचा प्रश्न उरतच नाही का? उरतो, आणि तो मोठा आहे. आमच्या स्वच्छ केलेल्या चापात अजून क्रीप होता. पहिला टप्पा संपून दुसरा नेमका कुठे सुरू होतो हे बोटाला धूसर कळत होते. ते कितीही साफ केले तरी जाणार नव्हते, कारण ते मळात नव्हते, रचनेत होते. साध्या रायफलीत दट्ट्याचा सगळा रेटा एकाच सिअरवर येतो. त्यामुळे सिअरची पकड खोल ठेवावी लागते, आणि पकड खोल म्हणजे सरकणे लांब. पकड उथळ केली तर चाप हलका आणि स्वच्छ होतो, पण भरवशाचा राहत नाही. एका ओठाच्या रचनेत हलकेपणा आणि भरवसा या दोन गोष्टी एकमेकींच्या ताटातून घ्याव्या लागतात. जर्मनीच्या वायराउख कंपनीने 1950 च्या दशकात आपल्या स्प्रिंगच्या रायफलींना दिलेला रेकॉर्ड ट्रिगर आजही नावाजला जातो, कारण त्यात मधे तरफा घातल्या. दट्ट्याचा रेटा एका तरफेवर, तिचा उरलेला थोडा दुसरीवर, आणि बोटाच्या पट्टीपर्यंत पोहोचेतो तो इतका कमी होतो की शेवटची पकड उथळ ठेवूनही ती सुरक्षित राहते. अशी रचना घासून मिळत नाही. ज्याची तक्रार रचनेबद्दल आहे त्याने संच बदलावा, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

मॅच रायफलींमध्ये, म्हणजे खास स्पर्धेसाठीच्या रायफलींमध्ये, तर ट्रिगर हा बदलण्यासाठी आणि जुळवण्यासाठीच बनवलेला असतो. उल्मच्या आन्शुट्झ कंपनीचे 5018 आणि 5020 हे दोन संच .22 मॅच रायफलींसाठीच आहेत, पहिला दोन टप्प्यांचा आणि दुसरा एकाच टप्प्याचा. माउझर रायफलींचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओबर्नडॉर्फमध्ये माउझरमधल्याच दोन अभियंत्यांनी 1949 साली सुरू केलेली फाइनवेर्कबाउ, उल्मचीच वाल्थर, अशा कंपन्यांच्या एअर रायफलींत चापाची पट्टी पुढेमागे सरकते, वळते, तिचा कोन बदलतो, आणि दोन्ही टप्प्यांचे वजन वेगवेगळे लावता येते. काहींत तर आता यांत्रिक सिअरच्या जागी विजेवर चालणारा ट्रिगर येतो. 10 मीटर एअर रायफल आणि 50 मीटर रायफल या प्रकारांत आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चापाच्या वजनाला खालची मर्यादाच नाही, म्हणून शंभर ग्रॅमच्या आसपासचे चापही रेंजवर दिसतात. पिस्तूलवाल्यांना ही मोकळीक नाही. 10 मीटर एअर पिस्तुलाला किमान 500 ग्रॅम आणि 25 मीटर पिस्तुलाला किमान 1000 ग्रॅम वजन पेलावेच लागते, आणि स्पर्धेपूर्वी ते वजन टांगून तपासले जाते. एक किलोच्या चापावर सुवर्णपदक जिंकता येते हे आपल्याच गावच्या मुलीने दाखवले आहे, ही गोष्ट मी तक्रार करणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते. रायफलीची मोकळीक मात्र नवख्याच्या हातात घातकही ठरू शकते. शंभर ग्रॅमचा चाप ज्याच्या बोटाला अजून पहिला टप्पाच नीट जाणवत नाही त्याला दिला, तर रायफल त्याच्या मनात येण्याआधीच सुटते, आणि मग तो बोटाला घाबरायला शिकतो. ती भीती काढायला मला एका मुलाबरोबर जवळजवळ एक वर्ष लागले.

कारखान्याचा ट्रिगर वाईटच, ही समजूत आता जुनीही झाली आहे. अमेरिकेत टिमनी कंपनी 1946 पासून बदलायचे ट्रिगर बनवते, म्हणजे तक्रार तेवढी जुनी आहे. पण 2002-03 च्या सुमारास सॅव्हेज कंपनीने वापरणाऱ्याला घरीच वजन लावता येईल असा अ‍ॅक्यूट्रिगर थेट कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली आणि इतर कारखान्यांनाही आपल्या चापांकडे पाहावे लागले. दुसऱ्या बाजूला, 2014 साली तिथल्याच एका मोठ्या कंपनीने 2006 पासून विकलेल्या आपल्या काही रायफली परत मागवल्या, कारण ट्रिगरच्या जुळणीत वापरलेले चिकटद्रव्य जास्त झाल्यामुळे रायफल आपोआप सुटण्याचा धोका होता. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती. दोष रचनेत नव्हता, भागांच्या घडणीतही नव्हता, स्क्रूवरच्या एका थेंबात होता. म्हणून नवा, महाग, नावाजलेला संच आणला तरी तो बसवल्यावर तपासावाच लागतो. हवेत बोलून भागत नाही.

आणखी एका प्रकारची तक्रार असते, ती ट्रिगरची नसतेच. माझ्याकडे येणारी आठवीतली एक मुलगी सहा महिने चाप जड लागतो म्हणत होती. तिच्या वडिलांनी पैसे साठवून ठेवले होते. मी तिचा हात रायफलीवर असताना बाजूने फोटो काढला. दस्ता तिच्या हातापेक्षा लांब होता, त्यामुळे तिच्या बोटाचे टोक चापाच्या फक्त कडेला पोहोचत होते आणि ती तो तिरका ओढत होती. बोटाच्या पहिल्या पेराचा गादीचा भाग चापावर सरळ बसायला हवा, तरच जोर सरळ मागे जातो. दस्त्याची लांबी वाढवणारे दोन स्पेसर काढले आणि पट्टी थोडी मागे घेतली. त्या दिवसानंतर चापाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. तिच्या वडिलांच्या साठवलेल्या पैशांतून नेमबाजीचा जाड कोट आला, आणि तो तिच्या खरोखरच उपयोगी पडला.

भाचा दिवाळीपर्यंत त्याच सुधारलेल्या चापावर चालवत राहिला. मी त्याला एक अट घातली होती. रोजच्या साठ फटक्यांनंतर वहीत गुणांबरोबर चापाबद्दल एक वाक्य लिहायचे, आणि 'कडक' हा शब्द वापरायचा नाही. पहिल्या आठवड्यातली वाक्ये गोंधळलेली होती. आश्विनात त्याने लिहिले, "दुसरा टप्पा सुरू होताना बोट थांबतं, पण थांबल्यावर पुन्हा निघताना चाप दोन वेळा सरकतो, मगच सुटतो." हे वाचल्यावर मी त्याला सांगितले की आता संच बदलायला हरकत नाही, कारण आता आपण काय विकत घेतो आहोत हे त्याला कळले होते. त्याने मोबाइलवर पूर्वी दाखवलेला संच घेतलाही नाही. त्याचा पहिला टप्पा फार लांब होता. त्याने दुसरा निवडला, आणि त्याची निवड मला पटली.

नवा संच कार्तिकात आला. वर्कशॉपमध्ये तीच गरारी, तीच बाटली. पाच मापे 600 आणि 620 च्या मध्ये आली. मग छर्रा भरून, नळी पेटीत घालून, काकांनी लाकडी मोगरीने दस्त्यावर खालून आणि बाजूंनी ठोके दिले, आधी हलके, मग चांगलेच. रायफल सुटली नाही. काकांनी भिंग डोळ्याला लावून नव्या सिअरची कड पाहिली आणि काहीही न बोलता भिंग भाच्याच्या हातात दिले.

जुना संच टाकायचा की कसे, हे भाच्याने विचारलेच नाही. त्याने तो धुतला, तेलाच्या कागदात गुंडाळला आणि काकांच्या मागच्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. त्याच डब्यात माझा 1994 सालचा मऊ पडलेला सिअर दोऱ्याने बांधून ठेवलेला आहे. डबा बंद करण्याआधी भाच्याने कागदावर पेनाने लिहिले, "1650 ग्रॅम. चालू स्थितीत. सिअरला हात लावलेला नाही."